माळीण विहिरीत उडी घेत नाही

अंबापेठेत पार्बताबाईचा आवाज आधी पोचायचा आणि टोपले मागून यायचे. "मोगराऽ, वांगीऽ, मेथीऽ" अशी हाळी गल्लीच्या तोंडाशी उठली की वकिलांच्या मुली वेण्या अर्धवट सोडून दाराशी धावत. तो आवाज तिने लहानपणीच कमावला होता. तिचे माहेर शेंदूरजनाघाटचे. बाप संत्र्याच्या बागा राखायचा आणि पोपटांचे थवे उतरले की ओरडायचे काम या लेकीकडे असे. गोफण चुलत भावांच्या हाती आणि ओरडणे हिच्या गळ्याशी. पोपट गोफणीला भीत नसत, हिला भीत.

बाराव्या वर्षी लग्न होऊन ती अमरावतीला आली. सासरचा मळा बडनेऱ्याच्या रस्त्याला होता. नवरा पंजाबराव मोठा कष्टाळू आणि तितकाच अबोल. दिवसाकाठी त्याच्या तोंडून दहा शब्द निघाले तर त्यातले चार बैलांसाठी असत. पार्बताबाईला त्याचे काही वाटत नसे. "दोघंही बोलले असते तं आयकलं कोणं असतं?" असे ती म्हणायची. दोन लेकी झाल्या, त्या आपापल्या घरी गेल्या. चाळिशी उलटली तरी डोक्यावरचे टोपले आणि पायातली चाल तशीच राहिली.

सन चौतीसच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. अंबापेठेत कमलाकांत पाठक नावाचे वकील राहत. माणूस सज्जन, पण जमिनीवरून दोन बोटे वर चालणारा. रोज सकाळी पूजेसाठी ते स्वतः मोगरा घेत. एकवीसच कळ्या, पळसाच्या पानात, देठ वरच्या बाजूला. कळ्या पालथ्या ठेवल्या तर त्यांचा श्वास कोंडतो, असे त्यांचे म्हणणे. पार्बताबाई मान हलवून तसे बांधून द्यायची. पुढे काही बोलावे तर वकीलसाहेब पान नाकाशी धरून आत निघून गेलेले असत.

त्यांची बायको सिंधू अठ्ठावीस वर्षांची, मराठी सातवी शिकलेली आणि वाचनाची भारी नादिष्ट. साहेब कोर्टात गेले की गुरुवारी दुपारी तिच्या मागच्या पडवीत आठ-दहा बायका जमत. मुलींच्या शाळेतल्या ताराबाई मास्तरीण मोठ्याने वाचून दाखवत. अकोल्याहून 'वऱ्हाड-रंजन' नावाचे साप्ताहिक येई, त्यात 'चंद्रकलेचे अश्रू' ही कादंबरी क्रमशः छापली जात होती. लेखकाच्या नावाच्या जागी नुसते 'एक रसिक' असे असे. गावात तिची फार चर्चा होती. कोर्टातले कारकूनसुद्धा चंद्रकलेचे पुढे काय होणार यावर पैजा लावत.

पार्बताबाई उरलेली भाजी घेऊन त्या दुपारी सिंधूकडे यायची ती हळूहळू तिथेच बसू लागली. हाताने हार ओवायचे आणि कानाने कादंबरी ऐकायची. पहिले काही भाग तिने गुमान ऐकले. मग एके दिवशी तिला राहवेना.

"मास्तरीणबाई, हे चंद्रकला रोज खिडकीतच काहून उभी राह्यते? तिले घरी काई काम नाई का?"

बायका हसल्या. ताराबाईंनी पान खाली ठेवले. "खरंच, मलाही तेच वाटत होतं. आतापर्यंत चार वेळा बेशुद्ध पडली आहे ती. एकदा पत्र वाचून, एकदा पत्र न आल्यामुळे."

"चारदा पडली अन् कोणं वैद नाई बलावला?"

"नायकाने तिच्या मुखचंद्रम्यावर गुलाबपाणी शिंपडलं."

"तेच म्हणतो मी. पोट्टीले जेवू घाला म्हणा आधी."

त्या दिवसापासून गुरुवारची बैठक पार बदलली. आधी बायका डोळ्यांना पदर लावून ऐकत, आता पदर तोंडाला लावून ऐकू लागल्या. कादंबरीचा नायक धैर्यशील स्वतःच सारी हकीकत सांगे. तो दिसेल त्या बाईचे वर्णन करी. आई म्हणजे वात्सल्याची मूर्ती, ती फक्त रडे आणि वाढे. चंद्रकला म्हणजे कोमल वेल. वहिनी म्हणजे साधीभोळी अक्षरशत्रू, तिला निळी साडी आणि उतू गेलेले दूध यापलीकडे जग नाही.

"एक लक्षात आलं का?" ताराबाई एकदा म्हणाल्या. "हा सगळ्या बायकांकडे पाहतो. कोणाचे डोळे कसे, कोणाची चाल कशी, सारं सांगतो. पण याच्याकडे पाहून एखाद्या बाईला काय वाटलं, ते अकरा भागांत एकदाही आलेलं नाही. जशा काही त्या सगळ्या आंधळ्या."

पार्बताबाईची सुई हारात तशीच थांबली. हे तिच्या ध्यानात आले नव्हते, पण ऐकल्याबरोबर एकदम पटले.

बाराव्या भागात माळीण आली. ताराबाई वाचू लागल्या:

"'प्रभातकाली ती मुग्ध माळीण माझ्या द्वारी उभी राहिली. नाजूक मनगटे पुष्पभाराने थरथरत होती. माझ्याकडे दृष्टी उचलण्याचे धैर्य तिला झाले नाही. मी म्हणालो, एकवीस कळ्या दे, पळसपर्णात, देठ ऊर्ध्व ठेवून. तिने निःशब्द मान लवविली. अहाहा! जिला वाणी नाही तिचे मौनच केवढे काव्य!'"

सगळ्यांचे डोळे आपसूक पार्बताबाईकडे वळले. तिने एकदा आपल्या मनगटांकडे पाहिले. गुरे आवरून आणि पाण्याचे हंडे उचलून ती चांगली जाड झाली होती. मग ती जी हसत सुटली ती थांबेचना. हाराचा दोरा सुटला, कळ्या पडवीभर झाल्या.

"अवो माय! एकवीस कळ्या, देठ वरतं! हे तं आपल्या वकीलसायबाचं काम हाय!"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. सिंधू खांबाला टेकून बसली होती, तिच्या चेहऱ्यावरचे हसू जिथल्या तिथे राहिले. तिने अंगावरच्या साडीकडे पाहिले. साडी निळी होती.

"दूध," ती हळूच म्हणाली. "दूध मागच्या महिन्यात उतू गेलं होतं. एकदाच."

ती उठून आत गेली. साहेबांच्या टेबलाचा खालचा खण कुलपाचा नव्हता, पण तो उघडायचे आजवर तिच्या मनातही आले नव्हते. ती बाहेर आली ती हातात कागदांचा जाड गठ्ठा घेऊन. अक्षर साहेबांचेच होते. वर लिहिलेले होते: 'चंद्रकलेचे अश्रू, प्रकरण तेरावे: माळणीचा करुण अंत.'

"वाचा," सिंधू म्हणाली.

ताराबाईंनी वाचले. माळणीचे धैर्यशीलवर मुके प्रेम जडलेले असते. आपण त्याच्या योग्यतेच्या नाही हे जाणून ती चांदण्यात मळ्यातल्या विहिरीच्या काठावर जाते, ओंजळभर मोगरा पाण्यात सोडते आणि मागोमाग आपणही. दुसऱ्या दिवशी धैर्यशील पाण्यावरची फुले पाहून दोन अश्रू ढाळतो आणि तीच फुले चंद्रकलेला नेऊन देतो.

या वेळी पार्बताबाई हसली नाही. खाली सांडलेल्या कळ्या तिने एकेक करून वेचल्या. मग म्हणाली, "म्हंजे माह्या मरणाची फुलं बी त्यानं फुकट नेली."

नेमक्या त्याच वेळी पुढचे दार वाजले. न्यायाधीशांना ताप भरल्यामुळे कोर्ट लवकर उठले होते. कमलाकांतराव डगला काढत पडवीच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि जागीच उभे राहिले. दहा बायका त्यांच्याकडे पाहत होत्या आणि त्यांचे तेरावे प्रकरण मास्तरीणबाईंच्या मांडीवर होते.

"ते... ते कोर्टाचे कागद आहेत," ते म्हणाले.

"हो का?" सिंधू म्हणाली. "मग त्या माळणीच्या बाजूने कोणी वकील दिला आहे का?"

पार्बताबाई उठून पुढे आली. आजवर त्यांच्या दाराशी ती हजार वेळा उभी राहिली असेल, पण समोरासमोर अशी पहिल्यांदाच.

"वकीलसायेब, मी हिरीत उडी काहून घेतो?"

"छे छे, पार्बताबाई, ती तुम्ही नव्हे. ते पात्र आहे. कल्पनेतलं."

"कळ्या माह्या, पान माह्या मळ्यातलं, हीर माही. मंग कल्पनेतलं काय राह्यलं? मरण तेवढं?"

"ती... नायकाच्या प्रेमात असते."

"कोण, मी?" आणि पार्बताबाईला पुन्हा हसू फुटले. "सायेब, मले नवरा हाय. दोन जावई हायेत. गाय आजउद्या व्याले झाली, वांग्यावर कीड पडली. प्रेमात पडाले येळ कोणत्या वखताले काढू? अन् पडलीच असती तं तुमच्या त्या धैर्यशीलाच्या? ज्याले स्वताचं जानवं सापडत नाई त्याच्या?"

साहेबांचे कान लाल झाले. कारण जानवे न सापडल्याचा प्रकार त्यांचाच होता आणि तो पार्बताबाईने दारातून पाहिला होता.

पार्बताबाईने आवाज खाली आणला. "रागवू नका. पण आठ वरसं झाले मी तुमच्या दाराशी येऊन राह्यली. तुमी फुलाले पायलं, पानाले पायलं, देठाले पायलं. मले एक दिवस तरी इचारलं का, बाई, कुठून येतेस, काय करतेस? मी मुकी नाई. तुमी आयकलं नाई." मग एकदम पदर खोचत म्हणाली, "या आइतवारी मळ्यात या. पाहा. अन् मंग लिवा. मरावं वाटलं तं मी सोताच तुमाले सांगीन."

वकीलसाहेबांनी मान हलवली, रोज कळ्या बांधताना ती हलवायची तशीच.

रविवारी सकाळी पंजाबराव बैलांची रेंगी घेऊन दाराशी आला. कमलाकांतराव, सिंधू आणि ताराबाई तिघे तीत बसले. एप्रिलचे ऊन नऊलाच चावू लागले होते. मळ्यात मोट चालू होती, चामड्याची मोट विहिरीतून वर येऊन धबधब पालथी होई आणि पाणी पाटातून मोगऱ्याच्या वाफ्यांकडे धावे. पार्बताबाई गुडघाभर चिखलात उभी राहून दारे धरत होती. म्हणजे एका वाफ्याचे तोंड पायानेच बुजवायचे आणि दुसऱ्याचे मोकळे करायचे.

साहेबांनी वही काढली. "किती रमणीय!" असे काहीतरी त्यात लिहिले.

"रमणीय हाय ना? मंग हे टोपलं उचला," पार्बताबाई म्हणाली. "सडकेपावतर. आज बडनेऱ्याले वांगी जायची हायेत."

पंजाबरावने टोपले त्यांच्या डोक्यावर ठेवले. सडक तीन शेते पलीकडे होती. साहेब निघाले. पहिल्या शेतात ते ताठ चालले. दुसऱ्यात थोडे डावीकडे झुकले. तिसऱ्याच्या बांधावर थांबले, त्यांचे मनगट थरथरले, आणि वांग्यांसकट ते सावकाश जमिनीवर आडवे झाले.

सिंधू किंचाळून धावली. पंजाबरावने त्यांना पोत्यासारखे खांद्यावर टाकले आणि कडुलिंबाखाली आणून निजवले. पार्बताबाईने कांदा बुक्कीने फोडून नाकाशी धरला आणि पाटातल्या पाण्याचा तांब्या भसकन तोंडावर रिकामा केला. थोड्या वेळाने साहेबांच्या पापण्या हलल्या. त्यांनी चहूकडे पाहिले आणि क्षीण आवाजात म्हटले,

"मी कुठे आहे?"

ताराबाईंनी ओठ घट्ट मिटले. सिंधूनेही मिटले, पण तिचे खांदे हलू लागले. कारण चंद्रकला चारही वेळा शुद्धीवर येताना नेमके हेच म्हणाली होती. मग कोणालाच आवरेना. मोटेवरचा पंजाबरावचा भाऊसुद्धा काय झाले ते न कळता हसू लागला. साहेबांनी आधी रागाने पाहिले, मग त्यांनाही आठवले. ओल्या मिशीतून पाणी गळत असताना, पोट धरून, ते जन्मात पहिल्यांदा स्वतःलाच हसले.

"लिवा आता," पार्बताबाई म्हणाली, "नायकाच्या मुखचंद्रावर कांदा धरला."

दुपारी तिने सगळ्यांना भाकरी आणि वांग्याचे भरीत वाढले. जेवण झाल्यावर साहेब विहिरीच्या काठाशी जाऊन बसले. वही त्यांनी बंद करून ठेवली होती. त्यांनी विचारले, आणि या वेळी खरोखर ऐकण्यासाठी विचारले, "ही विहीर केव्हाची?"

पार्बताबाई शेजारी टेकली. "सासऱ्याच्या बापाची. माह्या लग्नाले चार वरसं झाले अन् पाणी सरलं. सारा मळा जळून राह्यला होता. गाळ काढाले माणसं भेटेनात. मंग मी म्हटलं, मी उतरतो. सासू म्हणे, बाईमाणूस हिरीत उतरत नाई. मी म्हटलं, पाण्याले काय माईत बाई कोण अन् माणूस कोण? सतरा दिवस म्या गाळ काढला. हे वरून घमेलं वढत, मी खालून भरत." तिने पंजाबरावाकडे बोट दाखवले. "अठराव्या दिवशी पायाखाली गार लागलं. एवढंसं. बोटभर. मी वरतं आवाज देल्ला, पाणी आलं वो! अन् हे, जे कदी बोलत नाईत, ते वरून रडाले लागले."

पंजाबराव बैलाच्या मानेवरून हात फिरवत होता. तो नुसता म्हणाला, "हो."

"आता सांगा सायेब," पार्बताबाई म्हणाली, "ज्या हिरीतून म्या पाणी काढलं तिच्यात मी जीव द्याले जाईन?"

कमलाकांतरावांनी वाकून खाली पाण्याकडे पाहिले. मग म्हणाले, "नाही जाणार. चुकलंच माझं."

तेरावे प्रकरण त्यांनी फाडले. नवे लिहायला बसले तर मात्र काही केल्या जमेना. माळणीने तोंड उघडले की तिच्या तोंडून 'हे प्राणनाथ' निघे. शेवटी सिंधूने टाक हातात घेतला. रोज सकाळी पार्बताबाई पडवीत भाजी निवडत बोलायची, सिंधू जसेच्या तसे उतरवून घ्यायची आणि साहेब ते प्रकरणात बसवायचे. नव्या प्रकरणात माळीण धैर्यशीलच्या दाराशी येते, त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळते आणि म्हणते, "दादा, तुमचा सदरा उलटा हाय. आधी सुलटा करून या, मंग फुलं घ्या." पुढे ती व्यायला झालेल्या गाईची आणि विहिरीची हकीकत सांगते आणि नायक पहिल्यांदाच एक अख्खे प्रकरण गप्प बसून ऐकतो.

प्रकरण टपालाने अकोल्याला गेले. चौथ्या दिवशी 'वऱ्हाड-रंजन'चे संपादक उत्तमराव यांचे कार्ड आले. वाचकांस करुणरस हवा आहे, माळणीची भाषा गावंढळ आहे, जुने प्रकरण उलट टपाली धाडावे, अन्यथा कादंबरी थांबवावी लागेल. साहेब खचले. कार्ड खिशात घालून ते कोर्टात निघून गेले.

पार्बताबाईची धाकटी लेक अकोल्याला दिलेली होती आणि तिला भेटायला जायचेच होते. तिने सिंधूला विचारले, "चालता का? सायबाले कोर्ट हाय. तुमाले काय हाय?"

सिंधूने आयुष्यात एकटीने घरापासून अंबादेवीच्या देवळापलीकडे पाऊल टाकले नव्हते. पण तिने चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली, जुने तेरावे प्रकरण आणि नव्याची नक्कल पिशवीत टाकली, आणि दोघी बडनेऱ्याला गाडीत बसल्या. जुने प्रकरण सिंधूने आधीच तुकडे जुळवून चिकटवले होते. मूर्तिजापूर येईपर्यंत ती खिडकीतून एकसारखी बाहेर पाहत होती. मध्येच स्वतःशीच म्हणाली, "मीही खिडकीशीच बसले की हो." पार्बताबाई म्हणाली, "पण तुमची खिडकी चालून राह्यली ना."

छापखाना ताजनापेठेच्या बाजूला होता. आत शाईचा आणि रॉकेलचा वास. उत्तमराव पन्नाशीचे, चष्मा कपाळावर सरकवून बसलेले. दोन बायका थेट टेबलापुढे येऊन उभ्या राहिलेल्या पाहून ते गोंधळले आणि स्वतःच उठून उभे राहिले.

सिंधूने घसा साफ केला. वाटेत तयार केलेले भाषण ती विसरून गेली होती. "मी 'एक रसिक' यांची बायको," ती म्हणाली. "आणि ह्या त्यांच्या माळीणबाई. ह्या जिवंत आहेत."

"बसा, बसा," उत्तमराव म्हणाले. "वहिनी, मला वैयक्तिक काही नाही. पण वाङ्मयातली स्त्री अशी बोलत नसते. तिला एक मर्यादा असते. ती थोडं बोलते, पुष्कळ सोसते."

पार्बताबाईने विचारले, "मालक, तुमच्या घरी मालकीणबाई बोलतात का?"

"बोलते म्हणजे! थांबतच नाही."

"मंग कागदावर तिले मुकी काहून करता? घरी आयकून घेता आलं नाई म्हणून?"

पाठीमागे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे चौघे जण मान खाली घालून काम करत होते. त्यांच्यातल्या एकाला हसू आवरले नाही आणि त्याच्या हातातली जुळवलेली ओळ खळकन सांडली. तो म्हातारा होता, तिथला सगळ्यात जुना माणूस. तो म्हणाला, "मालक, लहान तोंडी मोठा घास. पण ते सदऱ्याचं प्रकरण आलं तेव्हा मी सगळं वाचलं. मग घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिने मला पुन्हा सांगायला लावलं. आजवर वीस वर्षं मी कादंबऱ्या जुळवतो आहे, तिने आधी कधी असं विचारलं नव्हतं."

उत्तमरावांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि म्हणाले, "एक अंक छापतो. ओरड झाली तर जबाबदारी तुमची, वहिनी."

"माझी," सिंधू म्हणाली आणि तिला स्वतःच्याच आवाजाचे नवल वाटले.

ओरड झाली. अमरावतीच्या एका शास्त्रीबुवांनी वर्गणी बंद केली. एका प्राध्यापकांनी 'कादंबरीत वांगी शिरली' असे तिरकस पत्र धाडले. पण टपालात दुसरीही पत्रे येऊ लागली, वाकड्यातिकड्या अक्षरांत, काही तर मुलांच्या वहीच्या कागदावर. चांदूर रेल्वेच्या स्टेशनमास्तरांच्या बायकोने लिहिले की आमच्याकडे अंक आधी मी वाचते, मग हे. एकीने नुसतेच विचारले होते, 'माळणीच्या गाईला काय झाले, गोऱ्हा की कालवड?' उत्तमरावांनी ते पत्र पहिल्या पानावर छापले आणि साहेबांना तार केली, 'गाईचे कळवा.'

कालवड झाली होती.

कादंबरी आणखी वीस भाग चालली. चंद्रकला सतराव्या भागात खिडकीतून उठली ती अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. एका भागात ती आणि माळीण रेल्वेच्या डब्यात भेटतात आणि दोघी आपापल्या कामाबद्दल बोलत राहतात, धैर्यशीलचे नाव एकदाही न काढता. तो भाग सिंधूने एकटीने लिहिला होता. पुस्तक निघाले तेव्हा 'एक रसिक' हे नाव गेले. वर छापले होते: कमलाकांत आणि सिंधू पाठक. त्याखाली पार्बताबाईचे नाव घालावे असे दोघांच्या मनात होते, पण ती म्हणाली, "माहं बोलणं आत हाय ना, पुरे. वरतं छापलेलं नाव ऊन खाऊन खाऊन उडते."

पुस्तक हाती आल्यावर मात्र तिला एक गोष्ट सलू लागली. आपलेच बोलणे आणि आपल्याला ते वाचता येत नाही. ती ताराबाईंकडे गेली. पाटी गुडघ्यावर, टोपले बाजूला. बाराखडीला चार महिने गेले. जोडाक्षरांवर ती फार चिडायची, म्हणायची दोघं एकमेकांच्या डोक्यावर बसून राहिले, खाली उतरवा त्यांना. पण पावसाळा सरता सरता तिने पहिले वाक्य बोटाखाली धरून वाचले आणि ताराबाईंना घट्ट मिठी मारली.

मग तिला वाचायचे वेडच लागले. मळ्यातले काम थोरली लेक आणि जावई येऊन पाहू लागले होते. ती दुपारभर अंबादेवीच्या देवळाबाहेर फुले विकायला बसे. आजूबाजूला हळदकुंकू, नारळ, बांगड्या विकणाऱ्या बायका. 'वऱ्हाड-रंजन'चा अंक आला की त्या सगळ्या आपापली दुकाने तिच्याकडे सरकवून घेत. ती मोठ्याने वाचे, शेंदूरजनाघाटच्या बागेतल्या त्याच गळ्याने, आणि मधेच थांबून लेखकाला दोन शब्द सुनावी. देवळात जाणारे पायऱ्यांवर थांबत. काही जण तर दर्शनाचे निमित्त करून ऐकायलाच येत.

एकदा एक पगडीवाले गृहस्थ फार वेळ तिच्यापुढे उभे होते. घाईत दिसत होते.

"बाई, हार देता का? आरती सुरू होईल."

पार्बताबाईने बोट ओळीवर तसेच ठेवले आणि वर पाहून हसली.

"देतो ना दादा. येवढं पान होऊ द्या. बसा."

गृहस्थांनी आरतीच्या दिशेने एकदा पाहिले, एकदा तिच्याकडे, आणि जोडे काढून बायकांच्या मागे खालच्या पायरीवर बसले.